मृत्यूचा दाखला कोणी लिहावा?

आपल्या सुशिक्षित घरांत कोणी रुग्णालयात दगावले म्हणजे समाचारास येणारी मंडळी एक वाक्य हटकून बोलतात : "आयुष्याची दोरीच तुटली, तेथे डॉक्टर तरी काय करणार?" शोकाच्या समयी हे वाक्य सांत्वनाचे असते, आणि सांत्वनाच्या वाक्याची तर्कशुद्धता तपासीत बसू नये, इतका पोच आम्हांसही आहे. परंतु तेरावा दिवस उलटून गेल्यावरही तेच वाक्य चालू राहते, तेव्हा ते सांत्वनाचे न राहता सोयीचे होते. सोय मात्र घरच्या माणसांची होत नाही. ज्याच्या हयगयीने ती दोरी तुटली असेल, त्याची होते.

दोरी जीर्ण होऊन तुटणे वेगळे आणि ती तुटावयास आली आहे हे दिसत असूनही तिच्यावर भार टाकणे वेगळे. पहिल्यास मृत्यू म्हणावे. दुसऱ्यास टाळता येण्याजोगा मृत्यू म्हणावे. ह्या दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूनंतर घरच्यांनी कोणाकडे दाद मागावयाची, आणि मागितली तर ती लागते काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. 'नर्सिंग होम' हा शब्द इंग्लंडात वृद्धांच्या व पंगूंच्या शुश्रूषेच्या निवासास लावतात. आपल्याकडे तो थोड्या खाटांच्या खाजगी रुग्णालयास चिकटला, आणि १९४९ च्या मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायद्याने त्याच्यावर शिक्कामोर्तब केले. तो कायदा पुढे महाराष्ट्राच्या नावाने चालू राहिला. त्याचे काम नोंदणीचे व तपासणीचे आहे. नर्सिंग होम चालविणाऱ्याने परवाना घ्यावा, हे तो सांगतो. तेथे दगावलेल्या माणसाच्या घरच्यांस भरपाई मिळवून देणे हे त्याचे काम नव्हे. त्यांस दुसरी दारे शोधावी लागतात.

ही दारे कशी आहेत, हे एका खटल्यावरून दिसते. १९९५ च्या फेब्रुवारीत लुधियान्याच्या एका मोठ्या रुग्णालयात एका वयोवृद्ध रुग्णास श्वास घेणे कठीण झाले. त्यास दुर्धर रोगाने ग्रासले होते, हे खरे. परंतु त्या घटकेस त्यास हवा होता तो ऑक्सिजन. सिलिंडर आणला, तो रिकामा निघाला. दुसरा आणून जोडीपर्यंत रुग्ण गेला होता. मुलाने फिर्याद दिली. डॉक्टरांवर खटला भरला गेला, आणि दहा वर्षांनी, २००५ साली, जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य ह्या नावाने गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या सिलिंडराबद्दल डॉक्टरास गुन्हेगार ठरविता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. हे आम्हांस मान्य आहे. सिलिंडर भरलेला ठेवणे हे शल्यवैद्याचे काम नव्हे. परंतु मग ते कोणाचे काम होते? ह्यावर न्यायालयाचे उत्तर असे की रुग्णालय दिवाणी कायद्याने कदाचित जबाबदार असेल, कदाचित नसेल. त्यासंबंधी आम्ही मत देत नाही. दहा वर्षांच्या शेवटी त्या मुलाच्या पदरात जे पडले, ते हे 'कदाचित'.

न्यायालयास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्यापुढे प्रश्न होता तो डॉक्टराच्या गुन्ह्याचा, आणि त्याचे उत्तर त्याने दिले. आमचा आक्षेप आहे तो असा की जो प्रश्न घरच्यांस खरोखर विचारावयाचा असतो, तो सरळ विचारता येईल असे ठिकाणच आपल्या व्यवस्थेत नाही.

ह्यास इतिहास आहे. १८०८ साली इंग्लंडातील एका न्यायाधीशाने असा निवाडा दिला की माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी न्यायालयात तक्रारच करता येत नाही. घोडागाडी उलटून पत्नी जखमी झाली व महिन्याने वारली. तिच्या पतीस त्या एका महिन्यापुरती भरपाई मिळाली, तिच्या मृत्यूबद्दल काही नाही. म्हणजे पाय मोडला तर दाम द्यावे लागावे आणि जीव गेला तर सुटका व्हावी, असा तो न्याय! आगगाड्या आल्या, अपघात वाढले, तेव्हा कोठे १८४६ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून ही विपरीतता दूर केली. त्याच धर्तीवर १८५५ साली हिंदुस्थानसाठी कायदा झाला, आणि तो आजही पुस्तकात आहे. दुसऱ्याच्या हयगयीने मृत्यू घडला तर पती, पत्नी, आईबाप व मुले ह्यांच्यासाठी दावा लावता येतो. मुदत दोन वर्षांची. भाऊ-बहिणींस त्यात जागा नाही. धाकट्या भावंडांना वाढविण्यात जिचे आयुष्य गेले अशी थोरली अविवाहित बहीण आपल्या किती घरांत असते! ती गेली, आईबाप आधीच गेलेले असले, तर ह्या कायद्याच्या दृष्टीने तिच्या मागे कोणीच नाही.

दुसरे दार ग्राहक कायद्याचे. १९८६ च्या कायद्याखाली वैद्यकीय सेवाही येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला, आणि तो फार मोठा उपकार होय. परंतु ही वाट पैसे देणाऱ्यांची आहे. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात अशी रुग्णालये तीतून वगळलेली आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून दहा अर्भके दगावली. शुल्क भरल्याची पावती हे ज्या दाराचे प्रवेशपत्र आहे, ते त्या मातांसाठी नव्हे.

तिसरे दार फौजदारीचे. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात हयगयीने मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्याच्या हातून वैद्यकीय प्रक्रियेत असे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. येथे हयगय साधी असून भागत नाही, घोर असावी लागते, आणि त्यासाठी दुसऱ्या वैद्याचे मत आधी मिळवावे लागते. चौथे दार वैद्यक परिषदेचे. ती डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढू शकते. घरच्यांस भरपाई देणे तिच्या अधिकारात नाही.

चार दारे आहेत. मग कोणी आत पोहोचतो की नाही? पोहोचतो. दोन उदाहरणे देतो. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतजवळच्या समुद्रकाठी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्यास मोटारीने पुण्यास आणून एका शल्यवैद्याच्या रुग्णालयात ठेवले, आणि तेथे तो वारला. भूल न देता व अवाजवी जोर लावून हाड बसविले, त्या धक्क्याने मृत्यू आला, असे न्यायालयांनी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ साली लागला. भरपाई तीन हजार रुपये. दुसरे उदाहरण : १९९८ साली कोलकात्यात त्वचेच्या गंभीर विकारावर चुकीचे उपचार झालेली एक तरुण स्त्री मुंबईस हलविल्यावर वारली. तिच्या पतीच्या दाव्याचा अखेरचा निकाल २०१३ साली लागला. भरपाई सुमारे सहा कोटी रुपये.

तीन हजार आणि सहा कोटी ह्यांतील अंतर पाहून वाचक म्हणतील, केवढी प्रगती! आम्ही त्यांस दुसरीकडे पाहावयास सांगतो. पहिल्या खटल्यास पंधरा वर्षे लागली, दुसऱ्यासही पंधराच. आणि ह्याहून महत्त्वाची गोष्ट ही की पहिल्या खटल्यातील पिता स्वतः डॉक्टर होता, आणि दुसऱ्यातील पतीही डॉक्टरच होता. केसपेपर वाचता येणारा, औषधाची मात्रा ताडून पाहणारा, तज्ज्ञांस कोणता प्रश्न विचारावा हे जाणणारा मनुष्य, त्यास पंधरा वर्षे लागतात. तर मग शाळामास्तराने काय करावे? बँकेतील कारकुनाच्या विधवेने काय करावे?

इतका काळ का लागतो, ह्याचे कारण न्यायालयांची दिरंगाई एवढेच सांगून आम्ही मोकळे होणार नाही. ती आहेच. परंतु मूळ कारण आमच्या मते वेगळे आहे. खोलीत काय घडले हे जाणणारी सर्व माणसे एका बाजूस असतात, आणि जे घडले त्याची नोंद करणारी लेखणीही त्याच बाजूस असते. केसपेपर रुग्णालय लिहिते. शुश्रूषेची नोंदवही रुग्णालय ठेवते. आणि मृत्यू कशाने आला, ह्याचा दाखला ज्याने उपचार केले तोच देतो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याची हीच रीत आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ह्या दाखल्याची एक प्रत जवळच्या नातलगास देणे बंधनकारक झाले, ही गोष्ट चांगली. परंतु प्रत मिळाल्याने लेखक बदलत नाही. पुण्याच्या त्या खटल्यातही डॉक्टरने मृत्यूचे कारण रक्तात चरबीची गुठळी अडकणे हे लिहून दिले होते. ते कारण खरे नव्हे, हे सिद्ध करावयास बापाला तीन न्यायालये चढावी लागली.

व्यवहारात दुसऱ्या कोणत्याही क्षेत्रात आपण असे चालू देत नाही. खजिनदाराने आपलेच हिशेब तपासून आपणच शेरा लिहिलेला कोणत्या संस्थेस चालतो? विद्यार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासून गुण भरलेले कोणत्या विद्यापीठास चालतात? ह्यात खजिनदार चोर आहे किंवा विद्यार्थी लबाड आहे असे कोणी म्हणत नाही. प्रामाणिक माणसासही ह्या मोहात टाकू नये, एवढाच त्या नियमाचा अर्थ.

इंग्लंडास हा धडा फार दारुण रीतीने शिकावा लागला. मँचेस्टरजवळ हाइड येथे हॅरॉल्ड शिपमन नावाचा डॉक्टर होता. त्याने आपले सुमारे दोनशे पंधरा रुग्ण मारले, असे त्यासंबंधीच्या चौकशीत निष्पन्न झाले. त्यांतील पुष्कळजण वृद्ध स्त्रिया होत्या, आणि त्यांचे मृत्यू स्वाभाविक म्हणून दाखले लिहीत होता तो स्वतःच. त्याचे कृत्य खुनाचे होते. हयगयीशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. परंतु जी फट खुन्याला वर्षानुवर्षे पुरली, ती हयगय करणाऱ्याला पुरणार नाही काय? २००० साली शिपमनला शिक्षा झाली. त्यानंतर चोवीस वर्षांनी का होईना, सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नियम झाला की ज्या मृत्यूची चौकशी कॉरोनर करीत नाही, अशा प्रत्येक मृत्यूचे कारण उपचारांशी संबंध नसलेल्या स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाने तपासावे. आणि त्याने घरच्यांशीही बोलावे.

कॉरोनर हा शब्द मुंबईकरांस परका नाही. १८७१ च्या कायद्याने मुंबईत असा अधिकारी होता, आणि संशयास्पद मृत्यूची चौकशी तो पोलिसांपासून स्वतंत्रपणे करीत असे. १९९९ साली ते पद रद्द झाले, आणि काम पोलिसांकडे गेले. ती जुनी व्यवस्था निर्दोष होती असा आमचा दावा नाही. परंतु जुने घर पाडावयाचे तर नवे बांधून पाडावे, एवढे शहाणपण गृहस्थासही असते. सरकारास ते असू नये, हे नवल होय.

म्हणून आमचे म्हणणे तीन वाक्यांत मांडतो. पहिले : शस्त्रक्रियेत वा तिच्यानंतर लागलीच, प्रसूतीत, आगीत, ऑक्सिजन किंवा वीज बंद पडून, अथवा घरच्यांनी हरकत घेतली असता, रुग्णालयात आलेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या, जिल्ह्याने नेमलेल्या वैद्याने ठरवावे, आणि सर्व कागद त्याच दिवशी मोहोरबंद व्हावेत. दुसरे : अशा मृत्यूत काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार रुग्णालयावर असावा. तिसरे : त्या वैद्याचा निष्कर्ष ठराविक मुदतीत घरच्यांच्या हाती त्यांस समजेल अशा भाषेत पडावा, मग रुग्णालय खाजगी असो वा सरकारी, पावती असो वा नसो.

ह्यांतील दुसरी मागणी ऐकून कोणी दचकू नये. २००४ सालीच एका विधवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की उपचार करणारे कोण व त्यांनी काय केले हे पुढे आणून हयगय झाली नाही असे दाखविणे हे रुग्णालयाचे काम. २०१० साली त्याच न्यायालयाने ग्राहक मंचांस बजावले की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाच्या मताचा आग्रह धरू नये. काही ठिकाणी घटना स्वतःच बोलते. न्यायालयाने जे सुटे सुटे सांगितले, ते विधिमंडळाने कायद्यात एकत्र लिहावे, एवढेच आम्ही मागतो.

आता आक्षेप. पहिला असा की ह्याने डॉक्टर भयभीत होतील, अवघड रुग्णास कोणी हात लावणार नाही. आम्ही उलट विचारतो : आज डॉक्टर निर्भय आहेत काय? रुग्ण दगावल्यावर काचा फुटतात, डॉक्टरांस मारहाण होते. ह्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला व तीन वर्षांपर्यंत शिक्षा ठेविली. ते योग्यच झाले. हात उगारणाऱ्याची बाजू आम्ही क्षणभरही घेणार नाही. परंतु जमाव का जमतो, ह्याचा विचार त्या कायद्यात नाही. सत्य कळण्याचा सभ्य मार्ग पंधरा वर्षांचा असेल, तर असभ्य मार्ग पंधरा मिनिटांचा आहे, हे लोकांस शिकवावे लागत नाही. "ह्यात डॉक्टरचा दोष नव्हता" असे एखाद्या परक्या वैद्याने आठवड्याभरात लिहून दिले, तर त्या डॉक्टरला त्याहून मोठे संरक्षण कोणते? आपल्याच सहीच्या दाखल्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, हे प्रामाणिक डॉक्टरांचे दुःख आहे. आमची सूचना प्रथम त्यांच्या हिताची आहे.

दुसरा आक्षेप असा की वैद्यक हे अनिश्चित शास्त्र आहे, बाहेरच्याने त्याचा न्याय करू नये. शास्त्र अनिश्चित आहे, हे कबूल. परंतु २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या एका खाजगी रुग्णालयात अतिदक्षता विभागास आग लागून त्याच दिवशी तेरा रुग्ण दगावले. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या एका नामांकित रुग्णालयातील आगीत नव्वदांच्या घरात माणसे गेली. ह्यांत शास्त्राची कोणती अनिश्चितता होती? तळघरात ज्वालाग्राही माल साठवू नये, हे सांगावयास धन्वंतरी लागत नाही. टाळता येण्याजोगे कितीतरी मृत्यू अशाच सामान्य, घरगुती, बिनशास्त्री गोष्टींनी येतात : रिकामा सिलिंडर, जुनी वायर, कुलूप लावलेला दरवाजा, रात्री जागेवर नसलेली परिचारिका.

तिसरा आक्षेप सर्वांत हीन, आणि तोच सर्वांत अधिक ऐकू येतो : "लोकांस पैसे हवे असतात." सत्तर वर्षांची आई गेली, तिची मिळकत शून्य. भरपाईचे गणित बव्हंशी मिळकतीवर चालते. मोटार अपघाताच्या दाव्यांसाठी २००९ साली ठरविलेल्या कोष्टकात विशीतल्या माणसाच्या वार्षिक मिळकतीस अठराने गुणावयाचे आणि पासष्टी ओलांडलेल्याच्या मिळकतीस पाचाने. वैद्यकीय हयगयीस हे कोष्टक जसेच्या तसे लावू नये, असे २०१३ च्या निकालाने सांगितले खरे. तरीही म्हातारीच्या जिवाचा भाव ह्या बाजारात काय येणार, हे तिच्या मुलास ठाऊक असते. तो दावा लावतो तो पैशासाठी नव्हे. त्यास जाणावयाचे असते की त्या रात्री घंटा वाजविल्यावर कोणी आले होते की नाही. हे जाणण्याचा हक्क पैशाच्या भाषेत मागावा लागतो, कारण दुसरी भाषा आपण त्यास दिलेली नाही.

आता वाचकांस चार शब्द. सर्व दोष सरकारच्या माथी मारून आपण स्वस्थ बसावे, हे आम्हांस मान्य नाही. मध्यमवर्गीय घरांतच शवविच्छेदनाचे नाव काढले की "आता त्या देहाची विटंबना नको" म्हणून कागदावर सही देण्याची घाई होते. भावना आम्ही समजतो. परंतु त्या सहीबरोबर एकमेव निष्पक्ष साक्षीदार अग्नीच्या स्वाधीन होतो, हे ध्यानात असावे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे केसपेपर मागितल्यापासून बहात्तर तासांत मिळावयास पाहिजेत, आणि ते तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नकला लेखी मागाव्यात, मागणीची पोच घ्यावी, दोन वर्षांची मुदत विसरू नये. संशय नसेल तर हे करण्याने कोणाचा अपमान होत नाही. ज्या घरात वाण्याची यादी आण्यापैपर्यंत तपासली जाते, त्या घराने आपल्या माणसाच्या अखेरच्या रात्रीचा हिशेब न पाहता दप्तर बंद करावे, ह्यास आम्ही श्रद्धा म्हणणार नाही.

मृत्यू कोणास चुकला नाही, हे पुराणिकाने सांगावे. ते त्याचे काम. कायद्याचे काम हे सांगणे की हा मृत्यू चुकविता आला असता की नाही. आणि हे ज्याच्यावर संशय आहे त्याच्या लेखणीस विचारून कळावयाचे नाही. मृत्यूचा दाखला लिहिणारा हात परका असला पाहिजे. तो परका हात विधिमंडळाने नेमावा. आणि तो नेमला जाईपर्यंत, निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास वाचकांनी हाच एक प्रश्न विचारावा.